तिसऱ्या कमानीखालची काच

खजिन्याच्या शोधात निघालेल्या चौतीस कुटुंबांपैकी तेहेतीस कुटुंबांना खजिना हवा होता. चौतिसाव्या कुटुंबाच्या प्रमुखाला फक्त दुपारची झोप हवी होती. पण खजिना त्याच्या सख्ख्या मेव्हण्याने लपवलेला असल्यामुळे झोपेचा विषयच मिटला.

हा मेव्हणा छापखानेवाला. नदीकाठच्या त्या जुन्या गावाचा वारसा जपण्यासाठी एक समिती होती आणि हा तिचा चिटणीस. बाकीचे सभासद स्वतःच वारशात जमा होण्याच्या वयाचे असल्याने सगळं काम त्याच्या गळ्यात होतं. खजिन्याची चौदा कोडी त्यानेच रचली, त्यानेच छापली आणि प्रत्येक कागदाच्या डोक्यावर ठळक टाइपात नियम घातला : 'प्रत्यक्ष जाऊन पाहिलेलं उत्तरच धरलं जाईल. ऐकीव, उतरवलेलं किंवा अंदाजे लिहिलेलं उत्तर आढळल्यास कुटुंब बाद.'

दाजींना हा नियम फार आवडला. दाजी म्हणजे मेव्हण्याचे दाजी. पण आपणही त्यांना तेच म्हणायला हरकत नाही. ते सरकारात पुलांच्या खात्यात अभियंता होते, आणि नियम दुसऱ्यांनी पाळायचा असला की तो आवडण्याची त्यांना खात्यातूनच सवय लागली होती.

चौथं कोडं घड्याळाच्या मनोऱ्याच्या पायऱ्यांचं होतं. दाजींची नऊ वर्षांची मुलगी, जिला घरात मुंगी म्हणत, ती वर धावणार एवढ्यात धापा टाकत उतरणाऱ्या एका कुटुंबाने 'अठ्ठ्याण्णव' असं फुकटात सांगून टाकलं. मुंगीने ते लिहिलं. दाजींनी तिला खोडायला लावलं.

"लिहिलेल्या आकड्यामागे आपले पाय गेलेले असले पाहिजेत," ते म्हणाले.

वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं पसंत पडलं की बायकोकडे वळून त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं. मुंगी निमूटपणे वर गेली आणि लालबुंद होऊन खाली आली. अठ्ठ्याण्णवच होत्या. मग उपयोग काय झाला, असं तिने विचारलं. तो प्रश्न नाही, असं दाजींनी सांगितलं. तुमचे पाय का नाही गेले, असं बायकोने विचारलं. तेव्हा दाजींनी गुडघा पुढे केला. दाजींचा गुडघा हा अनेक वर्षांपासून संसारातला चौथा माणूस होता.

नववं कोडं दाजींनी दोनदा वाचलं. 'जुन्या पुलाच्या तिसऱ्या कमानीखाली काचेच्या पट्ट्या चिकटवलेल्या आहेत. किती?'

पट्ट्या दाजींनीच लावलेल्या होत्या. दगडी कमानीला तडा गेला की त्याच्या दोन्ही काठांवर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवतात. तडा केसभर जरी हलला तरी काच तुटते. गेल्या वर्षी मेव्हण्याकडे जेवताना दाजींनी हे वरण थंड होईपर्यंत समजावून सांगितलं होतं, आणि 'माणूस खोटं बोलेल, काच बोलणार नाही' असं म्हणून टाळ्याही घेतल्या होत्या. मेव्हण्याने ते आकड्यासकट मनात ठेवलं आणि त्याचं कोडं केलं.

दर तीन महिन्यांनी खाली उतरून त्या पट्ट्या बघायच्या आणि अहवाल लिहायचा, असं ते काम. पहिल्या खेपेला दाजी उतरले होते. पण पायऱ्यांवर शेवाळ, त्यात गुडघा. पुढच्या खेपेला त्यांनी पुलावर उभं राहून खाली पाहिल्यासारखं केलं. त्याच्या पुढच्या खेपेला तेवढंही नाही. 'सर्व पट्ट्या अभंग. हालचाल नाही.' हे वाक्य तेव्हापासून एका अहवालातून दुसऱ्यात उतरत आलं होतं, घराण्यात नाक उतरावं तसं. चार वेळा. आणि त्या वाक्याच्या जिवावर आजची परवानगी मिळाली होती : पाच वाजता सगळी कुटुंबं पुलाच्या मधोमध जमणार, खजिन्याची पत्र्याची ट्रंक उघडणार, फोटो निघणार.

मुंगी आणि तिची आई खाली जाऊन आल्या त्या भांडतच. मुंगी म्हणत होती चार, आई म्हणत होती तीन.

"अगं, मधली तुटलीय. दोन तुकडे म्हणजे काही दोन पट्ट्या नव्हेत."

"किती दिसतात ते विचारलंय. मला चार दिसल्या."

दोघी निवाड्यासाठी दाजींकडे वळल्या, तर दाजी जागेवर नव्हते. ते शेवाळावरून खाली निघाले होते. आश्चर्य म्हणजे गुडघ्याने एका शब्दाने तक्रार केली नाही.

मधली पट्टी तुटली होती. तुकड्यांमध्ये करंगळी सहज गेली असती, पण तिथे आधीच कोळ्याने संसार थाटला होता. जाळं जुनं, धुळीने राखाडी झालेलं, त्यात दोन माश्या वाळून लटकलेल्या. म्हणजे काच आज तुटली नव्हती, कालही नव्हती. न बघता लिहिलेल्या पहिल्या अहवालाखाली दाजी सही करत होते तेव्हा तुटली, की चौथ्याखाली करत होते तेव्हा, हे कोळी सोडून कोणालाच सांगता आलं नसतं. वरून एक हातगाडी गेली आणि दाजींच्या बाहीवर चुन्याची बारीक पूड पडली.

ते वर आले तेव्हा पावणेचार झाले होते. हुशार कुटुंबं कोडी संपवून पुलावर पोचू लागली होती. पुलाच्या तोंडाशी मेव्हणा यादी घेऊन उभा होता. दाजींनी आधी खात्याच्या पद्धतीने, म्हणजे वळसा घालून, सुरुवात केली. फोटोला काठावरून उजेड बरा पडेल, म्हणाले. मेव्हणा म्हणाला, पुलावरच बरा पडतो. वारा सुटेल, म्हणाले. मेव्हणा म्हणाला, सुटू दे. मुलं कठड्यावर चढतील, म्हणाले. त्यासाठी दोन माणसं ठेवलीत, म्हणाला.

"पूल बंद कर," दाजी शेवटी म्हणाले.

मेव्हणा हसला. "दाजी, पूल ठणठणीत आहे असं तुम्हीच लिहून दिलंय की. फाइलला लावलंय मी."

"मी बघितलं नव्हतं."

"म्हणजे?"

"न बघता लिहिलं. वर्षभर."

मेव्हण्याने यादी मिटली आणि पुलाकडे पाहिलं. दाजींच्या पाठीमागे बायको येऊन उभी होती, आणि तिच्या शेजारी मुंगी, कागद छातीशी धरून. त्या कधीपासून उभ्या होत्या हे विचारायची दाजींना गरज वाटली नाही.

त्यानंतरचं फार झटपट झालं. एकेका कुटुंबाला हळूहळू, न धावता, मागे आणलं. काहींनी कुरकुर केली, एका आजोबांनी तर हे पंधरावं कोडं आहे अशी समजूत करून घेतली. दाजींनी मोठ्या साहेबांना फोन लावला. साहेबांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं की शेवटची पाहणी कधीची, कारण त्यांच्यासमोरच्या कागदावर गेल्या महिन्याची तारीख होती.

दाजींनी मुंगीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती, उत्तर लिहून घ्यायचं असल्यासारखी.

"वर्ष झालं, साहेब," ते म्हणाले.

मग साहेब म्हणाले, जिथे आहात तिथेच थांबा, आणि हे लेखी द्या. या वेळी बघून लिहा. फोन बंद झाला.

पूल रिकामा झाला होता. मधोमध फक्त ट्रंक उरली होती, तिच्यावरच्या रंगीत कागदी पताका वाऱ्याने फडफडत होत्या. चौतीस कुटुंबं काठावरून तिच्याकडे बघत होती आणि आणायला जाणारं कोणी नव्हतं.

"बाबा," मुंगीने हळूच विचारलं, "आपण सगळे बाद, की फक्त तू?"

दाजींनी तिच्या हातातल्या कागदाच्या डोक्यावरचा नियम पुन्हा वाचला.

"नियमात कुटुंब असं लिहिलंय," बायको म्हणाली. आवाजात माया नव्हती. मग तिने काठावरच्या बाकाचं एक टोक धरलं आणि दाजींना दुसऱ्या टोकाकडे मानेने खूण केली. दोघांनी तो ओढत नेऊन पुलाच्या तोंडावर आडवा टाकला.