घडवणाऱ्यालाच बसवलं

मित्रांनो, माझं वय अवघं सहा वर्षांचं, तरी शेजारीपाजारी मला ‘म्हाताऱ्याची खुर्ची’ म्हणतात. मी एका सुताराने घडवलेली आरामखुर्ची आहे. घरचे त्यांना बाबा म्हणतात, म्हणून मीही बाबाच म्हणते.

माझ्या पाठीचा बाक साधायला त्यांनी आठ दिवस घेतले. मी खरं तर एका गिऱ्हाइकासाठी होते. पण बाबांच्या थोरल्या मुलाला कारखान्यात बढती मिळाली आणि त्याने मला घरीच ठेवून घेतलं.

“बाबा, साठी झाली. आता या खुर्चीत निवांत बसायचं.”

“अरे, पण हात चालतोय की अजून!”

“चालतोय हो. पण लोक मला नावं ठेवतात. म्हणे, साहेब झाला आणि बापाला राबवतो.”

दुसऱ्याच दिवशी थोरल्याने बाबांच्या हत्यारांची पेटी कुणाला तरी देऊन टाकली. आलागेला म्हणे, “मुलगा असावा तर असा!” मीही फुशारले. बाबांचा मान माझ्यामुळेच वाढला, असं मला वाटलं.

मग हळूहळू बाबांना कुणी काही विचारेनासं झालं. सून मायाळू. पाणीसुद्धा हातात आणून देई. त्यांना उठायला काही कारणच उरलं नाही.

परवा माझा मागचा पाय डुगडुगू लागला. बाबांचे डोळे चमकले. “कुणाकडून तरी पटाशी आण रे. पाच मिनिटांचं काम!”

“तुम्ही कशाला? सुतार बोलावतो,” थोरला म्हणाला.

तरुण सुतार आला. त्याने सांध्यावर सरळ खिळाच धरला.

“खिळा नको, लाकूड फाटेल. पाचर मार,” बाबा म्हणाले.

तो हसला आणि मुलाला म्हणाला, “साहेब, आजोबांना आत न्या. धूळ बाधेल.”

मुलाने नेलं. ही खुर्ची यांनीच केलीय, एवढंसुद्धा कुणी बोललं नाही. मला तरी तोंड कुठे होतं? खिळा शिरला, चीर गेली. दुखण्यापेक्षा लाजच जास्त वाटली.

संध्याकाळी बाबा माझ्यात बसले. उठताना, गुडघे ठणठणीत असूनही, त्यांनी पहिल्यांदाच आधारासाठी हात पुढे केला. मुलाने तो प्रेमाने धरला. सगळ्यांना बरं वाटलं. मला मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मित्रांनो, मोठ्यांना खुर्ची जरूर द्या. पण आधी विचारा, “बसायचंय का?” आणि ते ‘नाही’ म्हणाले, तर तेही ऐका.