दोन भिंतींचा पाया

घराची एक वीटसुद्धा अजून जागेवर पडली नव्हती, आणि त्या घराच्या पाण्यावरून भांडण मात्र गळ्यापर्यंत आलं होतं.

"तुझ्या छपराचं पाणी माझ्या अंगणात आलं ना, तर बघच!" खालच्या अंगाला राहणारा शिंपी कमरेवर हात ठेवून ओरडत होता. गळ्यात मापाची फीत तशीच लोंबत होती.

"छप्पर कुठाय शिंप्या? वर बघ. आभाळ आहे. आभाळाला सांग."

"आज आभाळ आहे, उद्या पत्रे येतील. पत्र्यावरनं पन्हळीत, पन्हळीतनं माझ्या मशीनखाली. उतार कळतो मला."

"पाणी पुढून जाईल. पाइपातनं. सरळ रस्त्यापर्यंत, तिथं काटकोनात वळून गटारीत."

"पाण्याला काटकोन शिकवणार कोण? तू?"

बघणारे फिसकन हसले. कारण घरमालकाला सगळं गाव काटकोनच म्हणायचं. तरुणपणी त्यानं सहा आठवडे जमीनमोजणीचं शिक्षण घेतलं होतं. तेव्हापासून त्याला वाकडं काही खपत नसे. गोठ्यात म्हशी एका रेषेत. बाजेवर झोपला तरी भिंतीला समांतर. सातव्या आठवड्यात काय शिकवतात ते मात्र त्याला कधी कळलं नाही.

त्याची बायको धुण्याची बादली घेऊन कडेला उभी होती. तिला घरीदारी थोरली म्हणत. दोघांचं ऐकून तिला नवल वाटलं. दोन शहाणे पुरुष, आणि पाणी खाली कुठं जाणार यावरून घसा फोडताहेत. पाणी येतं तर वरून.

*

वरून म्हणजे कुठून, ते तिला अकरा वर्षं पाठ होतं.

जुन्या घराचं स्वयंपाकघर चढाच्या पोटाशी होतं. पाऊस लागला की मागची भिंत घामेजायची, मग पाझरायची, मग उंबऱ्याखालून पाणी पाहुण्यासारखं न विचारता आत. लग्नाच्या वर्षी तिनं शेगडी एका विटेवर ठेवली होती. आता ती पाचव्या विटेवर होती. हेच चाललं तर म्हातारपणी शिडी लावून स्वयंपाक करावा लागेल, असं ती म्हणायची, आणि हसायची नाही.

नवी जागा चांगली ऐसपैस. पण तीही चढाच्या पायथ्याला, आणि काटकोनानं पट्टी लावून काढलेल्या नकाशात स्वयंपाकघर पुन्हा मागच्याच कोपऱ्यात.

त्या नकाशावर झालेलं बोलणं असं :

ती : मागं एक चर हवा. दोन हात रुंद.

तो : कशाला?

ती : वरच्या रानाचं पाणी तिथनंच उतरतं.

तो : जोतं दोन फूट उंच घेतोय की.

ती : उंच घ्या. आत येणार नाही, पण मागं तुंबेल. पाया पाण्यात बसला की भिंत खालून ओल पिते.

तो : तुला कुणी सांगितलं?

ती : जुन्या घरानं.

तो : जागा काय जास्त झालीय, चरात घालायला? आणि तो जाणार वाकडा. नकाशात वाकडं बसत नाही.

सासू (दारातून, कुणी विचारलेलं नसताना) : बाईच्या म्हणण्यानं ओढा वळला असता तर मी कधीच माहेरी नेला असता.

ती : ओढा वळवायचा नाही आई. आलेल्याला वाट द्यायचीय.

तो : विषय संपला.

*

विषय संपला, पण पावसाळ्याचे दोन महिने अजून बाकी होते.

पाऊस जोराचा आला की थोरली हातातलं काम टाकून, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन त्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहायची. पाणी कुठून शिरतं, कुठं दम खातं, कुठं माती कुरतडतं ते बघायची. बांध जिथं फुटलेला होता तिथून ते यायचं. जागेच्या मागच्या कडेनं आडवं सरकायचं. जुन्या बाभळीच्या बुंध्याशी अडखळायचं, वळायचं, आणि शिंप्याच्या कुंपणाला नुसता खांदा लावून रस्त्याकडेच्या गटारीत उतरायचं. पाऊस उघडला की पाण्याच्या दोन्ही काठांना ती बाभळीच्या काटक्या ठोकायची. वाकड्या, काटेरी, हाताला लागतील तशा.

गाव बोलायला मोकळंच.

"काटकोनाची बायको पावसात काय पेरते गं?"

"खुंट्या."

"उगवल्या की मला दोन दे म्हणावं."

"सासूशी भांडली असेल."

"सासूशी भांडून कुणी घराबाहेर पडतं, चिखलात उभं राहत नाही."

पावसाळा सरला तेव्हा काटक्यांची दुहेरी रांग उभी होती. दोन हातांचं अंतर, मधेच एक वळण. गवत वाळलं, माती घट्ट झाली, काटक्या पक्क्या बसल्या.

*

मग काटकोनानं स्वतःच्या खुंट्या ठोकल्या. सागाच्या, रंध्यानं तासलेल्या, डोक्यावर लाल रंग. दोरी ताणली, कोपरे तीन-तीनदा तपासले, फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या. लांबून बघितलं, जवळून बघितलं, आणि तृप्त होऊन दारं-खिडक्या ठरवायला दोन दिवस शहराला गेला. जाताना गवंड्याला निरोप ठेवला : खुंट्या मारल्यात, पाया खणायला घे.

त्याची गाडी वळणाआड जाते न जाते तोच वारं सुटलं. फक्की उडून शेजारच्या कोंबड्यांवर बसली.

आणि सासूला घेवड्याच्या वेलांना आधार हवा होता. परसात वेल जमिनीवर लोळताहेत आणि तिकडं इतक्या गुळगुळीत खुंट्या रिकाम्या उभ्या! तिनं सगळ्या उपसल्या. बाभळीच्या काटक्यांनाही हात लावून बघितला, काटा रुतला, तशाच सोडून दिल्या. सरळ लाकडाला जगात गिऱ्हाईक लवकर मिळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी दोन खोदणारे घेऊन आला. खोदणाऱ्यांची रीत एकच : खुंटी दिसली की कुदळ मारायची, प्रश्न मालकाला पडू द्यायचे. पायाच्या खुंट्या दुहेरीच असतात. दुहेरी रांग समोर होती.

थोरली चहाची किटली घेऊन आली तेव्हा मागच्या कडेला दहा-बारा हात खणून झालं होतं. ती जागच्या जागी थांबली. ओळीनं बघत गेली. फुटका बांध, मागची कड, पुढं बाभळीचा बुंधा.

"वहिनी, बरोबर चाललंय ना?" गवंड्यानं विचारलं. "तसं वाकडं वाटतंय जरा. पण खुंट्या आहेत म्हटल्यावर..."

"खुंट्या आहेतच," ती म्हणाली.

"आणि दोनच भिंतींच्या आहेत."

थोरलीनं कप मांडले. एक शब्द बोलायची खोटी होती. 'थांबा' म्हटलं की थांबले असते. मग नवरा आला असता, नव्या खुंट्या तासल्या असत्या, आणि नव्या स्वयंपाकघरात तिनं पुन्हा पहिली वीट मांडली असती. अकरा वर्षं नीट समजावून सांगून तिला हातभर चर मिळाला नव्हता. आज कुणी न सांगता बारा हात मिळाला होता.

"बाकीच्या दोन भिंतींचं ते आल्यावर सांगतील," ती म्हणाली. "तुम्ही एवढं करा, तळ सपाट ठेवू नका. खालच्या कोपऱ्याकडे उतरता घ्या. आणि शेवटी गटारीला भिडवा."

"पाया गटारीला भिडवायचा?"

"साखर किती?"

गवंड्यानं दोन चमचे सांगितले. खोदणारे पुन्हा वाकले.

*

काटकोन परतला आणि खड्ड्याच्या काठावर उभा राहिला. वळणाशी त्यानं खिशातली पट्टी धरून बघितली, उलटी करून पुन्हा धरली.

"मालक, हल्ली वाकड्या घरांची फ्याशन आहे म्हणतात," गवंडी म्हणाला. "शहरात एक बँक बघितली मी, अख्खी गोल."

"माझ्या खुंट्या कुठंयत?"

खुंट्या परसात होत्या. त्यांच्यावर घेवडा एका रेषेत चढवलेला होता. सासू म्हणाली, "रिकाम्या उभ्या होत्या. मला वाटलं तुझं मोजून झालं."

"आणि ह्या काटक्या कुणाच्या?"

"माझ्या," थोरली म्हणाली.

"त्यांना सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी खुंट्या आहेत का विचारलं. मी आहेत म्हटलं."

त्यानं बायकोकडे असं बघितलं, की जणू घरातलंच एखादं भांडं अचानक बोललं. मग गवंड्याकडे वळला. "उद्या सकाळी बुजव सगळं."

"बुजवतो. पण भरलेली माती दोन-तीन पावसाळे दबत राहते. तिच्यावर भिंत घ्याल तर भिंतही दबेल. घर चार हात पुढं घ्यावं लागेल."

"पुढं घेऊ. तरी बुजव. घरामागं वाकडा खड्डा? लोक काय म्हणतील!"

रात्री थोरलीला झोप लागली नाही.

*

सकाळी गवंडी एकटाच आला. खोदणारे आले नाहीत, एकाची कंबर धरली होती. आणि दुपारी, पावसाचा काहीही संबंध नसताना, आभाळ पश्चिमेकडून शाईसारखं चढलं. आधी धूळ आली, धुळीमागून काडीकचरा, मग टपोऱ्या गारा, आणि मग असा पाऊस, की समोरचा माणूस दिसेना. कापणी झालेलं वरचं रान उघडंबोडकं होतं. त्यानं थेंबही पोटात ठेवला नाही. सगळं खाली सोडून दिलं.

काटकोन धावला ते विटांच्या ढिगासाठी. सिमेंटची पोती तिथंच ठेवलेली होती. थोरली आणि गवंडी त्याच्या मागं.

बांधाच्या फुटीतून पाणी आलं. गढूळ, फेसाळ, पाचोळा नाचवत. काटकोनानं पोत्यांपुढं हात पसरले, जसे म्हशीला अडवताना पसरतात. पाणी त्याच्याकडे आलंच नाही. ते चरात पडलं, मागच्या कडेनं निघालं, बाभळीच्या बुंध्याशी जरासं उसळून वळलं, आणि भरल्या चरानं गटारीत जाऊन आदळलं. मधली सगळी जागा, जिथं घर व्हायचं होतं ती, नुसती वरच्या पावसानं भिजली. तिकडं जुन्या घरात सासू शेगडी डोक्यावर घेऊन उभी होती.

पाऊस ओसरला तसा शिंपी आला. पायजमा वर खोचलेला, पण पायाला चिखल नाही. भांडायला आला असणार म्हणून काटकोनानं छाती पुढं काढली.

"अरे काटकोना," शिंपी म्हणाला, "माझ्या अंगणात रानातला थेंब नाही! दरसाल दोन बादल्या उपसतो मी. मी तुला नाही नाही ते बोललो, आणि तू गुपचूप एवढं डोकं चालवलंस? कापड बेतावं तसं पाणी बेतलंस की!"

काटकोनानं शिंप्याकडे बघितलं. मग गवंड्याकडे. गवंडी खोकला. मग बायकोकडे.

थोरलीच्या जिभेवर शब्द आला होता. पण तिनं त्या कोरड्या मागच्या कोपऱ्याकडे बघितलं. माणूस दुसऱ्याचं बुजवतो, स्वतःचं म्हटलेलं बुजवत नाही. तिनं तो शब्द गिळला.

"अभ्यास करावा लागतो," काटकोन म्हणाला.

*

चराला दगड लागले. घर चार हात पुढं उभं राहिलं. पुढचा पावसाळा आला आणि गेला, आणि थोरलीची शेगडी विटेविना ओट्यावर बसली. मागची भिंत हाताला कोरडी लागायची. पहिले काही दिवस ती उगीचच जाता येता तिला हात लावायची. पुढचा पाइप काटकोनात वळतो तिथं दर आठवड्याला तुंबायचा, पण त्याबद्दल काटकोनाला कुणी विचारत नसे. लोक चर बघायला यायचे. तो त्यांना काठाकाठानं फिरवायचा आणि सांगायचा, "पाणी कधी सरळ जात नसतं, हे आधी समजून घ्या."

एक दिवस पलीकडच्या गावातला एक कुंभार आला. त्याला घर बांधायचं होतं, जागा उतरणीवर होती. काटकोनानं त्याला ओसरीवर बसवलं, नकाशा बराच वेळ उलटसुलट धरला, आणि "पाणी आणतो" म्हणून आत आला.

"अगं," तो हळूच म्हणाला, "चर कुठनं काढायचा ते कसं ठरवतात?"

थोरली पीठ चाळत होती. "आधी एक पावसाळा तिथं उभं राहावं लागतं."

"एवढंच?"

"एवढंच."

तो तांब्या घेऊन बाहेर गेला. खुर्चीवर नीट बसला, घसा साफ केला.

"सोपं आहे," तो कुंभाराला म्हणाला. "आधी एक पावसाळा तिथं बायकोला उभं करा."

कुंभारानं ते कागदावर लिहून घेतलं.