झेड म्हणणारी

बरखेड्यातल्या कारखान्याच्या त्या क्वार्टरमध्ये इंग्रजी शब्द चुकला की त्याची शिक्षा ठरलेली असे. नलिनीबाई शाळेत इंग्रजी शिकवत आणि घरी आल्यावरही त्यांच्यातली बाई काही उतरत नसे. लहानपणी त्यांची मुलगी जुई अमेरिकन कार्टून बघून ‘झेड’ला ‘झी’ म्हणायची, तेव्हा त्या तिला मागच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावत आणि बजावत, “नीट म्हण, मग ये.” रडून घसा बसला की आतून बारीक टकटक होई. “झेड. आई, आता येऊ?” मगच कडी निघे. त्यांच्या नवऱ्याला, सुभाषरावांना, हे मुळीच पटत नसे, पण कारखान्याच्या पाळ्या सांभाळणारा माणूस घरात असून असून असणार किती!

त्याच जुईला आता अमेरिकेतल्या ग्राहकांशी फोनवर बोलायची नोकरी लागली होती, आणि उच्चार बदलले नाहीत तर ती टिकणार नव्हती. मागच्या खोलीत दार लोटून ती सराव करी. आधी आईचा उच्चार, मग तिकडचा. शेड्यूल, स्केज्यूल. वॉटर, वाडर. झेड, झी. पोळ्या लाटता लाटता नलिनीबाई ऐकत आणि जळफळत. इतकी वर्षं जीव ओतून घडवलेली मुलगी आपल्याच घरात, दाराआड, परकी होते आहे ही भीती त्यांना पोखरत होती.

एका दुपारी त्यांचं लाटणं थांबलं. पहिला उच्चार संपायच्या आतच दुसरा सुरू झाला होता. रेकॉर्डिंग लावलं असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण पुढे पुढे तो तिकडचा आवाज पहिल्याला मध्येच तोडू लागला, पुन्हा पुन्हा म्हणायला लावू लागला, आणि पहिला रडवेला होत गेला.

“कोणाशी बोलत असतेस गं?” त्यांनी शेवटी विचारलं.

“शिकवायला तर लागतं ना, आई,” जुई हसून म्हणाली. “तूच नाही का शिकवलंस?”

नोकरी पक्की झाल्याचं कळलं त्या दिवशी जुई खोलीतून बाहेर आली, दाराला कडी घातली आणि जेवायला बसली. भराभर बोलत होती, आणि त्यातला इंग्रजी शब्द न् शब्द तिकडचा होता. रिकाम्या खोलीला कडी कशाला, हे विचारायला नलिनीबाईंनी तोंड उघडलं, तोच दारावर बारीक टकटक झाली.

“झेड,” आतून कुणीतरी बसलेल्या घशाने म्हणालं. “आई, आता येऊ?”

वरणाची पळी नलिनीबाईंच्या हातातून गळून पडली. त्या उठून दारापाशी गेल्या आणि त्यांनी कडीला हात घातला.

“राहू दे, आई,” मान वर न करता भात कालवत जुई म्हणाली. “अजून नीट म्हणत नाहीये ती.”