तिघांनी भरलेली बशी

मित्रांनो, माझ्या कडेचा उडालेला टवका बघून तोंड वाकडं करू नका. मी एक जुनी बशी असले, तरी एकेकाळी माझाही तोरा होता. सहा कप आणि सहा बश्या असा आमचा संच. पांढऱ्या अंगावर निळी किनार. पाहुणे आले, की आम्हालाच मान. पुढे कप फुटले, पाच बहिणी फुटल्या आणि माझी रवानगी कपाटाच्या वरच्या फळीवर झाली. तिथे मी कित्येक वर्षं धूळ खात पडले होते.

एका संध्याकाळी ठकीने स्टुलावर चढून मला खाली काढलं. ठकी म्हणजे या घरची लेक, तिसरीत शिकणारी. तिच्या दप्तरात, डब्याच्या जागी, मांजराचं पिल्लू बसलं होतं. कापसाच्या बोंडासारखं पांढरं, म्हणून त्याचं नाव बोंडू.

बाबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. ते बस चालवतात. दुपारी दमून घरी आल्यावर त्यांना पायात काही लुडबुडलेलं खपत नाही. आई दवाखान्यात नर्स आहे. तिने ठकीला साफ सांगितलं, "राहू दे चार दिवस. पण घरात घाण केली, तर त्याच दिवशी बाहेर." ठकीने निमूट मान डोलावली.

मग सुरू झाली गंमत. सकाळी कामाला निघण्याआधी आई इकडेतिकडे बघायची आणि चहासाठी काढलेल्या दुधातलं थोडं माझ्यात ओतायची. दुपारी बाबा यायचे. पायातले बूटही न काढता स्वयंपाकघरात शिरायचे आणि "काय रे लबाडा" म्हणत मला काठोकाठ भरायचे. संध्याकाळी ठकी आपल्या पेल्यातलं अर्धं दूध मला द्यायची. बोंडू मला असं चाटूनपुसून लख्ख करायचं, की आधी कोणी काही घातलं होतं याचा मागमूस राहायचा नाही. प्रत्येकाला वाटायचं, बिचारं उपाशी आहे, माझ्याशिवाय त्याच्याकडे बघतंय कोण!

पण कबूल कोण करणार? आईबाबांनी पहिल्या दिवशीच नाकं मुरडलेली. ठकीला पेला पूर्ण संपवायची ताकीद. त्यामुळे तिघंही मूग गिळून गप्प. दूध लवकर संपतं म्हणून आई दूधवाल्याच्या मापावर संशय घेऊ लागली, तेव्हा बाबांनीही लगेच मान हलवली. मला कोण हसू आलं!

तिघांची चोरी एकट्या मला ठाऊक होती. आणि खरं सांगू? मी खूश होते. इतक्या वर्षांनी मला कोणीतरी दिवसातून तीनदा हातात घेत होतं. त्या आनंदात मला बाकी काही सुचलंच नाही, याची आज लाज वाटते.

पाचव्या दिवशी बोंडूचं पोट बिघडलं. ठकीला आईची अट आठवली. तिने जुन्या फडक्याने फरशी पुसली, फडकं धुतलं आणि कोणाजवळ हूं की चूं केलं नाही. सहाव्या दिवशीही तेच. पिल्लू मलूल दिसतंय म्हणून तिघांनीही, आपापल्या वेळी, गुपचूप दूध वाढवलं. ताकद यायला नको का? सातव्या दिवशी बोंडू माझ्यापर्यंत कसंबसं आलं, माझ्या किनारीवर हनुवटी टेकवली आणि तसंच पडून राहिलं. दूध माझ्यात नासलं.

शेजारच्या इमारतीत जनावरांच्या डॉक्टरीणबाई राहायच्या. बाबा त्यांना घेऊन आले. त्यांनी बोंडूच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. पाणी कुठे ठेवता, असं त्यांनी विचारलं. पाणी कोणीच ठेवलं नव्हतं. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली.

"दूध कोण देतं याला?"

"मी," ठकी म्हणाली. "मी," आई म्हणाली. बाबांनी मान खाली घातली आणि तेही तेच म्हणाले.

बाईंनी समजावून सांगितलं, की पुष्कळ पिल्लांना गाईम्हशीचं दूध सोसत नाही. जुलाब होतात आणि अंगातलं पाणी जातं. दोन दिवस आधी कळलं असतं, तर बरं होतं. तेव्हा ठकीने रडत रडत फडक्याची गोष्ट सांगितली. तिला कोणी रागावलं नाही. बाईंनी सुई टोचून सलाइन दिलं, पण दुसऱ्या दिवशी दुपारी, बाबांच्या खाकी शर्टावर, बोंडू गेलं. आई त्याच्या शेजारी बसून होती. "दवाखान्यात रोज दहा जणांना सांगते, पाणी पाजा म्हणून," एवढंच ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्या बहिणी विनाकारण फुटल्या. जिने फुटायला हवं होतं ती मी मात्र शाबूत राहिले. त्या आठवड्यात कोणाच्या हातून निसटले असते, तर आवाज ऐकून बाकीचे धावत आले असते आणि सांडलेलं दूध सगळ्यांना दिसलं असतं.

त्यानंतर मला गॅलरीतल्या कुंडीखाली ठेवलं. वर्ष झालं असेल. परवा कठड्यावरून एक करडं पिल्लू उतरलं आणि माझ्यातलं मातकट पाणी चाटू लागलं. ठकीने ते पाहिलं. मला वाटलं, ती आत निघून जाईल. पण तिने मला कुंडीखालून ओढून काढलं, घासलं, स्वच्छ पाण्याने भरलं आणि तिथूनच मोठ्याने सांगितलं, "आई, बाबा, एक पिल्लू आलंय. मी पाणी ठेवलंय. दूध कोणी देऊ नका. आणि त्याचं पोट बिघडलं, तर मी सांगणार आहे."

आतून दोघांचाही आवाज एकदम आला, "सांग."

मुक्या जिवावर माया करता ना? मग ती लपूनछपून करू नका, घरात सगळ्यांना सांगून करा. बोंडूसाठी एवढंच कोणीतरी बोलायला हवं होतं.