दाराआडचं जेवण

मिरानने माकुळाच्या पोटात भाताचा शेवटचा घास अंगठ्याने दाबला, तोंड काडीने टाचलं आणि तो परातीत ठेवता ठेवता म्हणाली,

“ओक्तान, माझ्यासाठी एक खोटं बोलशील?”

समोर बसलेली ओक्तान दुसऱ्या माकुळाची साल काढत होती. तिने मान वर केली नाही.

“पोलिसांशी असेल तर नको बाई. त्यांच्याशी माझं सगळं बोलून झालंय.”

“पोलिसांशी नाही. माझ्या सासऱ्यांशी.”

“मग त्याहून अवघड.”

दुपारची गिऱ्हाइकं पांगली होती. खानावळीच्या मागच्या दाराशी दोघीच होत्या. बाहेर तारेला धरून ओढायची नाव शहराच्या बाजूने रिकामीच परत येत होती. मिरानला दक्षिणेतल्या सोकचोच्या या वाळूच्या पट्टीवर सून म्हणून येऊन पंचवीस वर्षं झाली होती. ओक्तान तीन वर्षांपूर्वी आलेली, तीही चीनमधून वळसा घालून, उत्तरेतून. भांडी घासायला लागली ती आता माकूळ भरायलाही बसू लागली होती. बोलायची कमी, आणि बोलली तर असं काहीतरी.

“डॉक्टर म्हणाले, बर्फ वितळेपर्यंत काढतील का सांगता येत नाही,” मिरान म्हणाली. “त्यांनाही ठाऊक आहे. मरणाला ते भीत नाहीत. त्यांच्या आईचं श्राद्ध राहिलंय, म्हणून जीव अडकलाय.”

एवढं सांगितलं की पट्टीवरच्या कुणालाही पुढचं सांगावं लागत नसे. लढाईच्या हिवाळ्यात इथले सगळे उत्तरेच्या किनाऱ्यावरून पळून आले, चार दिवसांत परत जायचं म्हणून सरहद्दीच्या जवळात जवळ झोपड्या टाकून राहिले, आणि ते चार दिवस अजून संपायचे आहेत. मागे राहिलेली माणसं कधी गेली, कशी गेली, हे कुणी कळवलं नाही. टपाल जात नाही, येत नाही. मग ज्याची तिथी ठाऊक नाही त्याचं श्राद्ध नवव्या महिन्याच्या नवमीला घालायचं, अशी रीत आहे. त्या दिवशी पट्टीवरच्या घराघरातून तळणाचा वास येतो. फक्त मिरानच्या सासऱ्यांच्या, हाम सोकमुन यांच्या घरातून येत नाही.

“नवमी म्हणजे घाऊक बाजार,” सोकमुन म्हणायचे. “माझ्या आईला काय मी घाऊकात काढू? ती गेली म्हणून मला कुणी सांगितलंय?”

आई असलीच तर शंभरीच्या पुढे असायला हवी होती. पण सांगणार कोण? तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा भात शिजायचीही वाट न बघता बोटीकडे पळाला, तेव्हापासून त्यांच्या घरात रोज रात्री एक झाकणाची पितळी वाटी भरून, गोधडीखाली, खालून ऊब दिलेल्या जमिनीच्या तापत्या कोपऱ्यात ठेवली जाई. परगावी गेलेल्या माणसाचं जेवण असंच ठेवतात. सकाळी तो भात मिरान खाई. पंचवीस वर्षं तिने सासूच्या सासूचा शिळा भात खाल्ला होता आणि कधीमधी त्याचा तिला राग येई.

“तुमच्या त्या सोल्गोक गावाच्या बाजूला मी दोनदा उतरलेय,” ओक्तान म्हणाली. “मिठासाठी. मी डोंगरापलीकडची, खाणीकडची.”

“तेवढं पुरे. म्हणायचं, लग्न होऊन तिथे गेले होते. म्हातारीला ओळखत होते. अमुक दिवशी गेली. कुठलाही दिवस सांग, पण अडखळू नकोस.”

ओक्तानने साल काढलेला माकूळ पाण्यात बुडवला. पांढऱ्या पाण्यात तो कितीतरी वेळ नुसता धरून ठेवला.

“कुठलाही दिवस कसा सांगायचा गं,” ती म्हणाली. पण नाही म्हणाली नाही.

दोन दिवसांनी ती घरी आली. सोकमुन भिंतीला टेकून बसले होते. डोक्यावरच्या भिंतीवर सोलच्या सरकारचं चौकटीतलं नेमणूकपत्र होतं. उत्तरेतल्या प्रत्येक गावावर इकडच्या सरकारने मानाचा सरपंच नेमून ठेवला आहे आणि सोल्गोकचे सरपंच होते सोकमुन. ज्या गावात पाऊल टाकता येत नाही त्याचं सरपंचपद त्यांनी बारा वर्षं निभावलं होतं. नावेवर भेटणारे चिडवत, “सरपंच, यंदा तरी रस्ता करा!” ते म्हणत, “मी काय निवडून आलोय? मला नेमलंय. कामाची अपेक्षा ठेवू नका.” शेजारी त्यांच्या हाताने रंगवलेला गावचा नकाशा होता. गिरणी, विहीर, शाळा, गिरणीमागचं घर. घरातली चूलसुद्धा त्यांनी काढली होती, जी नकाशात कुणी काढत नाही.

“सोल्गोकची का तू?” त्यांनी विचारलं.

“आता सोल्गोक म्हणत नाहीत, काका. ते नाव काढून टाकलं. अर्धं गाव शेतीसंघाला जोडलं, अर्धं खाणीला.”

“कुणाला विचारून?”

“तुम्हालाच विचारायला हवं होतं, सरपंच.”

ते हसले. हसता हसता खोकला आला आणि मिरान पाणी घेऊन धावली. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी ओक्तानकडे नीट पाहिलं.

“बोली तुझी वरची आहे. खाणीकडची.”

“लग्न होऊन खाली आले.”

“गिरणीमागे हामांचं घर होतं. एक बाई असायची.”

“होती. मी आले त्याच हिवाळ्यात गेली.”

मिरान स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पेला हातात धरून उभी होती. आता ही अडखळते की काय, या धास्तीने तिने पेला घट्ट धरला.

“कधी?”

“अकराव्या महिन्याची सतरावी.”

शब्द इतके सरळ आले की मिरानचा श्वास सुटला. शिकवलेल्यापेक्षा चांगलं बोलली पोर, असं तिला वाटलं. सोकमुन बोटाने गुडघ्यावर काहीतरी गिरवत राहिले.

“कशी गेली?”

“झोपेत.” ओक्तानचा अंगठा चहाच्या पेल्याच्या काठावरून फिरत होता. “जेवून झोपली होती. भात होता त्या दिवशी. पोटभर जेवली आणि झोपली.”

सोकमुन भिंतीचा आधार घेत उठले. तापत्या कोपऱ्यातली गोधडी बाजूला करून त्यांनी वाटी काढली, झाकण उघडलं. वाफ आली.

“म्हणजे एवढी वर्षं हा मी उगाचच तापत ठेवला.” त्यांनी वाटी ओक्तानपुढे सरकवली. “खा. वाया कशाला घालवायचा.”

ओक्तान वाटीवर ओणवी झाली. डाव्या हाताचं कुंपण करून, कुणी हिसकावून घेईल अशी, ती कोरडा भात खात राहिली. वाटीला चिकटलेली शितंही तिने बोटाने पुसून घेतली. सोकमुन तिचं खाणं संपेपर्यंत तिच्याकडे बघत होते. मिरानला ते बघवेना. ती आत गेली.

त्या रात्री कोपऱ्यात वाटी ठेवली नाही. सोकमुन महिनाभर शांत झोपले, वेळेवर औषध घेऊ लागले. बघून मिरानला बरं वाटे, पण फार वेळ नाही. चुकीच्या तिथीला वाढलेलं पान रिकामंच राहतं, म्हणतात. म्हातारा आईला पोचवल्याच्या समाधानात जाईल आणि ती तिकडे कुठेतरी उपाशी बसून राहील. हे पाप कुणाच्या माथी? ओक्तानने तर नुसते शब्द उच्चारले होते. नवऱ्याला, तेसोपला, विचारावं तर तो माकुळाच्या बोटीवर, आणि असता तरी म्हणाला असता, तुला नसत्या उठाठेवी कुणी सांगितल्या होत्या?

सतरावीला सकाळपासून बर्फ भुरभुरत होतं. मिरानने मासे तळले, सोयाबीनचं पनीर तळलं, रस्सा केला, फळांचे माथे कापून ठेवले. पूर्वी हे अर्ध्या रात्री व्हायचं, पण सोकमुनना आता तेवढं बसवत नव्हतं म्हणून दिवेलागणीलाच करायचं ठरलं होतं. तिने ओक्तानला बोलावलं नव्हतं. तरी ती आली. केस नीट विंचरलेले, अंगावर काळा स्वेटर, हातात कापडात बांधलेलं काहीतरी.

“मदतीला आले.”

कापडात मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे होते, पिवळे, ओबडधोबड.

“अगं, हे श्राद्धाच्या पानावर कसं चालेल?” मिरान कुजबुजली.

“नसेल चालत तर राहू दे.” पण ओक्तानने कापडाची गाठ पुन्हा बांधली नाही.

बाहेरच्या खोलीत सोकमुन पांढरा अंगरखा घालून बसले होते. आईच्या कुळाचं नाव त्यांनी कुंचल्याने कागदाच्या पट्टीवर लिहिलं. अक्षर जराही बिघडलं नाही. पट्टी पाटावर उभी करून झाली. मग त्यांनी कात्री घेतली आणि कागदाची दुसरी पट्टी कापली.

“ओक्तान, तुझ्या आईचं कुळ कुठलं?”

मिरानच्या हातातली पळी रश्शातच थांबली.

ओक्तान दारात उभी होती. तिला उत्तर द्यायला वेळ लागला. तिथी सांगताना लागला नव्हता तेवढा.

“होंग. नामयांगचे होंग.”

“दक्षिणेतले नामयांगचे होंग खाणीत! कुठली माणसं कुठे नेऊन टाकली मेल्यांनी.” त्यांनी कुंचला शाईत बुडवला. “सूनबाई, आणखी एक वाटी भात. चमचाही.”

मिरान पळी हातात घेऊन तशीच बाहेर आली आणि त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

“बाबा, तिचा दोष नाही. मीच तिला—”

“भात निवतोय. वाढ आधी.”

तिने वाढलं. दोन पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, पुढे दोन वाट्या. सोकमुननी मक्याचे गोळे उचलून दुसऱ्या वाटीला लागून, सगळ्यात जवळ ठेवले. तळलेला मासा मागे सरकला.

“ये. दारू तू ओत.”

“काका, बायकांनी ओतायची नसते ना?”

“या गावचा सरपंच मी आहे. कायदा मी करतो.”

ओक्तानने दोन्ही हातांनी पेला भरला. थोडी सांडली. तिने नमस्कार घातला तेव्हा तिचं कपाळ जमिनीला टेकलं ते पटकन उठलंच नाही, आणि तिच्या तोंडून आलेला ‘आई’ हा शब्द मिरानने ऐकला. मग सोकमुननी दोन्ही वाट्यांतल्या भातात चमचे उभे रोवले. तिघं मागे मागे सरत बाहेर आली आणि मिरानने सरकतं दार ओढून घेतलं. गेलेल्यांना कुणी बघत असलं की जेवता येत नाही. त्यांचं चार घास खाऊन होईल एवढा वेळ बाहेर थांबायचं, मग तीनदा खाकरून आत जायचं.

ओसरीवर वारा होता. मिरानने सासऱ्यांच्या खांद्यावर शाल टाकली. तिला राहवेना.

“तुम्हाला कधी कळलं?”

“तेव्हाच.” ते खालच्या आवाजात बोलत होते, आतल्यांना त्रास नको म्हणून. “शेजारच्या म्हातारीची तिथी कुणी इतकी पटकन सांगतं का? आठवावी लागते. थंडी होती की उन्हाळा, तिथपासून सुरुवात करावी लागते. आपल्या आईचीच तेवढी जिभेवर असते.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलून काय करू? माझ्या आईला तिथी नाही. ती आता कधी मिळायची नाही, हेही त्या दिवशी कळलं.” अंगणातल्या सुकत घातलेल्या जाळ्यांवर बर्फ साठत होतं. “आई माझी बाजाराच्या पुढे कधी एकटी गेली नाही. एवढे डोंगर, ती काटेरी तार, सुरुंग, पहारे. एकटीला वाट सुधरायची नाही. म्हटलं, या बाईच्या आईची सोबत मिळाली तर येईलही.”

मिरानने बाहीने डोळे पुसले. सोकमुन ओक्तानकडे वळले.

“खरं सांग. जेवून झोपली होती?”

ओक्तानने मान हलवली. नाही.

“पीठ मिळतंय का बघायला मी डोंगर उतरले होते,” ती म्हणाली. “मक्याचं. मिळालं. मी घेऊन आले, पण—”

तिने स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून घेतल्या.

चार घासांचा वेळ कधीच होऊन गेला होता. सोकमुनचे ओठ निळे पडायला लागले होते. डॉक्टरांनी थंडीत एक पाऊलही टाकू देऊ नका म्हणून बजावलं होतं. मिरान दारापाशी गेली आणि खाकरण्यासाठी तिने घसा साफ केला.

म्हाताऱ्याने तिची बाही धरली.

“थांब जरा. अजून जेवतायत.”

ती थांबली. आतून कसलाच आवाज येत नव्हता. ओक्तान ओसरीच्या कडेला, दाराकडे पाठ करून उभी होती.