अर्धा स

धाकट्या लेकीचं, सलोनीचं लगन झालं ते साल दोन हजार पाच. फुलसिंग आडेला सनावळ्या आठवत नाहीत, लगनं आठवतात. मांडव उन्हाळ्यात पडला आणि त्याच दिवाळीत कापसाचा भाव असा बसला, की पुन्हा उठायचं नाव घेईना.

लगन तांड्यावरच, मुकुटबनपासून दोन कोसांवर. पांढरकवड्याहून चर्चचे पाळक आले, प्रार्थना झाली, मग बायांनी बंजाऱ्यांच्या गोर बोलीतली जुनी गाणी म्हटली. पुण्याला नोकरीला असलेला थोरला रवी आला होता. त्याने बहिणीच्या हातात चकचकीत डबा ठेवला. डब्यात टकला, पोट सुटलेला, हात वर करून हसणारा एक बुवा.

"हे कोण गा?" फुलसिंगने विचारलं.

"लाफिंग बुद्धा. घरात ठेवला की बरकत येते."

शेजारी पुंडलिकराव दारुंडे जेवत होते. त्यांनी हातातली बुंदी पत्रावळीत परत टाकली. "लेका, छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून मी नागपूरले दीक्षेला गेलतो. माह्या बुद्धाचं पोट कवा सुटलं ते मले कोणी कळवलं नाई."

माणसं हसली. रवीही हसला. फुलसिंग मात्र म्हणाला, "रवी, आपल्या घरी प्रभू आहे. हे सोंग कायले?"

"राहू द्या ना बा, प्रभूही राहील. तुमच्यासाठी तुमचं खरं, काकांसाठी काकांचं. ज्याचं त्याचं खरं." पोरगं मायेने बोललं, बापाच्या खांद्यावर हात ठेवून. फुलसिंगला तो हात जड झाला.

पाहुणे पांगल्यावर दोघं म्हातारे बाभळीखाली बसले.

"मास्तर, त्यानं मले खोटं म्हटलं असतं तर बरं झालं असतं."

"मी म्हणतो ना खोटं. वीस वर्षं झाली म्हणून राह्यलो." पुंडलिकरावांनी सुपारी कातरली. "मी काट्यावरचा माणूस. सगळं सारखंच भरते असं जो म्हणते ना, त्यानं काट्यावर काही ठेवलंच नसते."

पुंडलिकराव मास्तर कोणत्याच शाळेत नव्हते. सरकी काढायच्या जिनात कापसाच्या गाड्या यायच्या, ते काट्यावर वजन घ्यायचे आणि फुलसिंग गाड्या खाली करायचा. रवी लहानपणी तापातून उठला तेव्हा फुलसिंगने प्रभू धरला. पाळकाने हातात शास्त्र, म्हणजे बायबल, दिलं, पण फुलसिंगला अक्षर येत नव्हतं. बेचाळिसाव्या वर्षी तो काट्यावर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, मले वाचायला शिकवा.

"शिकवतो," पुंडलिकराव म्हणाले, "पण जे वाचशील त्यावर मी सवाल विचारीन. रागवायचं नाई."

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी, चहाच्या टपरीमागच्या बाकावर, फुलसिंग बोट ठेवून वाची आणि पुंडलिकराव ऐकत. चुकलं की ते नखाने बाकावर दोनदा टकटक करीत. बोलत नसत. चूक आपली आपण शोधायची. 'स्मरण' हा शब्द तर फुलसिंगने महिनाभर 'मरण' असाच वाचला. जोडाक्षर आलं की त्याची जीभ अर्धं अक्षर गिळून पुढे जायची.

"अर्धा स खाल्ला तू," पुंडलिकराव म्हणत. "तेवढ्यानं माणूस मेला ना बे."

वाचन झालं की भांडण. मेलेला उठतो कसा, पाप कोणाचं आणि फेडायचं कोणी. फुलसिंग घरी येऊन रात्रभर उत्तर शोधी, पुढच्या बाजारी मांडी, आणि पुंडलिकराव ते मोडून काढीत. येताना फुलसिंग "जय मसीह की" म्हणे, ते "जय भीम" म्हणत. वीस वर्षांत एकदाही अदलाबदल झाली नाही.

फुलसिंगला एकच ध्यास होता. हा माणूस आपल्या प्रभूकडे यावा. वाद जिंकायची त्याला हौस नव्हती. मेल्यावर आपण एकीकडे आणि हा दुसरीकडे, ही गोष्ट त्याला सोसत नव्हती. बायको सुखीबाई म्हणायची, "सोबत्याशिवाय तुम्हाला तिकडे करमणार नाही, एवढंच आहे ते."

कापसाचा भाव पडला तसे जिल्ह्यात शेतकरी जीव देऊ लागले आणि धीर द्यायला येणारे वाढले. कोणी श्वास घ्यायला शिकवी, कोणी ताईत देई, कोणी भजन लावी. फुलसिंगही पिशवीत पत्रकं घेऊन मारेगावपर्यंत गावोगाव फिरला. पूर्वी लोक त्याला हाकलायचे, एकदा एकाने कुत्रं सोडलं होतं. आता कोणी हाकलत नव्हतं. बसा म्हणत, चहा देत, डोळे मिटून प्रार्थनेला बसत, आणि प्रभूचं चित्र भिंतीवरच्या रांगेत शेवटच्या खिळ्याला टांगत. एका घरी त्याने तशी सात चित्रं मोजली. घरची बाई म्हणाली, "कोणाचा तरी गुण येईल, भाऊ." तिचा माणूस जाऊन महिना झाला होता. तिला काय बोलणार? परत येताना फुलसिंगला त्या कुत्र्याची आठवण आली.

दोन हजार सातच्या दसऱ्याला पुंडलिकराव दीक्षाभूमीवर जाऊन आले आणि आठ दिवसांत त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. फुलसिंग पोचला तेव्हा त्यांची सून शीला उशाशी बसली होती. पुंडलिकरावांच्या मनगटात काळा धागा होता, गळ्यात ताईत होता.

"हे कोणी बांधलं, बाई?"

"जो येते तो बांधून जाते, काका. कोणाला नाही म्हणू? तुम्हीही तुमची प्रार्थना करा. डोक्यावर हात ठेवून करता ना तुम्ही लोक?"

वीस वर्षं जे मागितलं ते असं समोर आलं. माणूस समोर पडलेला, सवाल विचारायला तोंड नाही. फुलसिंगने हात उचलला. तो कपाळाजवळ नेला. पुंडलिकरावांचे डोळे त्या हाताकडे होते.

"मास्तर, करू?"

डावा हात खाटेच्या लाकडावर होता. नख उठलं. टक. थोडं थांबून पुन्हा, टक.

फुलसिंगने हात खाली घेतला.

"करून टाका ना, काका," शीला म्हणाली. "त्यांना काय समजून राह्यलं आता? आणि आपलं काय जाते?"

"त्यालेच समजून राह्यलं, बाई. साऱ्या गावात याच्याच 'नाई'ला वजन आहे. ते मी कसं चोरू?"

पुंडलिकरावांना विचारून, नख हललं नाही तसे त्याने धागा आणि ताईत सोडले आणि शीलाच्या हाती दिले. मग पिशवीतून शास्त्र काढलं आणि दर बाजारी वाचायचा तसा बोट ठेवून वाचू लागला. डोळ्यांत पाणी होतं, अक्षरं हलत होती. एका ठिकाणी तो 'मरण' म्हणून पुढे गेला.

टक, टक.

तो मागे आला. अर्धा स शोधला. "स्मरण," त्याने वाचलं.

खाटेवरचा हात शांत राहिला.

पुढे, मास्तर गेल्यावर, पाळकांनी त्याला विचारलं, "अशी वेळ देवानं दिली होती, फुलसिंग. का सोडलीस?" घरी तो दोन दिवस जेवला नाही. सुखीबाईने ताट पुढे सरकवलं की म्हणायचा, "तो तिकडे एकटाच राहील ना."

तिसऱ्या दिवशी त्याने शास्त्राच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, जिथे त्याच्या आईचं आणि तिन्ही लेकरांची नावं होती, एकेक अक्षर जुळवत लिहिलं. वर 'स्मरण' लिहिलं, अर्धा स नीट काढून. खाली लिहिलं:

पुंडलिकराव दारुंडे, जिनातले काटेवाले, माझे मास्तर. बुधवार, चौदा नोव्हेंबर दोन हजार सात, सकाळी वारले. शेवटपर्यंत नाही म्हणाले.