खालच्या ओळीतलं गाणं

मी ग्रंथालयातला पियानो बोलतोय. म्हणजे, बोलावं की नाही, हे अजून माझं नक्की ठरलेलं नाही. इतकी विद्वान पुस्तकं आजूबाजूला गप्प बसलेली असताना आपणच तोंड उघडावं, हे जरा अतीच वाटतं. पण आता सुरुवात झालीच आहे.

कारखान्यातून मी थेट एका दंतवैद्याच्या घरी गेलो. त्यांच्या मुलीला माझ्यासमोर बसवलं की तिचा चेहरा वडिलांच्या पेशंटसारखा व्हायचा. ती मोठी झाली, सुटली आणि मी ग्रंथालयाला भेट म्हणून आलो. भेट कसली, दंतवैद्यांना कपाटासाठी भिंत मोकळी हवी होती.

इथे मी संगीत विभागात असतो. एका बाजूला स्वरलिपींची कपाटं, दुसऱ्या बाजूला तबकड्या आणि सीडी. मला मैफलीसाठी ठेवलेलं नाही, शोधकामासाठी ठेवलं आहे. कारण गाणं हवं असलेल्या माणसाला गाण्याचं नाव सोडून सगळं आठवतं. "ते नाही का, जिना उतरल्यासारखं वाजतं?" "मागे होतं बघा, हिरव्या कव्हरचं!" मग विभाग सांभाळणाऱ्या ताई म्हणतात, "गुणगुणा बघू." माणूस आधी इकडेतिकडे बघतो, घसा खाकरतो, लाजतो आणि मग गुणगुणतो. ताई ते सूर माझ्या पट्ट्यांवर शोधतात आणि स्वरलिपींशी ताडून बघतात. बहुतेक वेळा गाणं सापडतं. सापडलं नाही, तर दोष माझाच असावा, असं मला वाटत राहतं.

त्याला कारणही आहे. माझी मधली एक पट्टी मुकी आहे. दाबली तर नुसती टक् करते. तिथे आलं की ताई तोंडानं "टूं" म्हणतात आणि पुढे जातात. दुरुस्तीची विनंती वर गेली आहे. ती बरेच दिवस वरच आहे.

एका गुरुवारी घड्याळं दुरुस्त करणारे काका आले.

"कुठलं गाणं हवंय, काका?"

"ते माहीत असतं तर तुमच्यासमोर गुणगुणायची वेळ आली असती का?"

त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, समूहगान मंडळात गायच्या. कणीक मळताना, कपडे वाळत घालताना एकच गाणं तोंडात असायचं. मग मंडळ चालवणारे मास्तर थकले, मंडळ बंद पडलं आणि काकूंचं गुणगुणणंही थांबलं.

"आता घरात दुकानापेक्षा जास्त टिकटिक ऐकू येते," काका म्हणाले. "तिला विचारलं, तर म्हणते, 'गेलं ते. तुम्ही जेवा.' म्हटलं, ते गाणं आणून घरात लावावं. बघू, बोलते का काही." बोलताना ते चष्मा पुसत होते. तो स्वच्छच होता.

मग ते गुणगुणले. ताल अगदी चोख, शेवटी घड्याळजीच ते. पण सूर? एकच सूर, पुन्हा तोच, पुन्हा तोच, मध्येच एक पायरी खाली आणि परत तिथेच.

"पुढे?" ताईंनी विचारलं.

"हेच पुढे."

ती खालची पायरी नेमकी माझ्या मुक्या पट्टीवर होती. ताई "टूं" म्हणाल्या. वाटलं, इतर पट्ट्याही अडकल्या की काय? नाहीतर एखादं गाणं इतकं हट्टी कसं असेल? ताईंनी गुणगुणणं ओळखणारा फोनही काकांसमोर धरला. तो म्हणाला, "घरगुती उपकरणाचा आवाज."

"याच्या बापानं कधी गायलं होतं?" काका भडकले.

बरेच गुरुवार असेच गेले. ताई समूहगानाची एकेक तबकडी काढायच्या, काका कानांना हेडफोन लावून ऐकायचे आणि मान हलवायचे. एकदा म्हणाले, "हे मंडळाच्या कार्यक्रमात ऐकलंय. झकास आहे. पण हे नव्हे."

त्यानंतर एका गुरुवारी, चहाचे कप धुताधुता ताईंनी सहज विचारलं, "काकू मंडळात उभ्या कुठे राहायच्या हो?"

"मागे. जाड्या आवाजाच्या बायकांत. तिथून तिचं काही ऐकू यायचं नाही. मी ऐकलं ते घरीच."

ताईंनी ओल्याच हातानं कपाळावर मारून घेतलं. "आणि मी सगळ्या वरच्या ओळी शोधत बसले!"

समूहगानाच्या स्वरलिपीत ओळी एकाखाली एक असतात. गाण्याची चाल वरच्या ओळीत असते. खालच्या ओळीतल्या बायका तिला सांभाळून घेतात. काकांना आयुष्यभर फक्त ती खालची ओळ ऐकू आली होती.

ताईंनी काकांनी नाकारलेल्या त्याच गाण्याची स्वरलिपी काढली. डाव्या हातानं काकांचं गाणं, उजव्या हातानं वरची चाल. माझ्या अंगात दोन्ही एकदम वाजलं. काकांनी आ वासला.

"म्हणजे ही इतकी वर्षं गाणं म्हणतच नव्हती?"

"म्हणत होत्या की. अर्धं."

ती तबकडी त्यांनी पुन्हा ऐकली. कपाळावर आठ्या. "पण यात तिची ओळ कुठाय?"

"आहे. नीट शोधावी लागेल."

"अजून शोधायची?" काकांनी हेडफोन काढून ठेवले. "ही तबकडी घरी नेऊन उपयोग नाही. मला वरची ओळ शिकवा. मी काही चुकीचं करायला घेतलं की तिला गप्प बसवत नाही. अनुभव आहे माझा."

शिकवणी सुरू झाली. काका एका बोटानं, पेचकस फिरवावा तसे माझ्यावर वाजवायचे आणि सोबत म्हणायचे. आवाजाबद्दल मी काही बोलत नाही. मला तो अधिकार नाही.

आणि एका गुरुवारी दारात काकू उभ्या.

"अहो! चष्मा घरी टेबलावर आणि तुम्ही दर गुरुवारी ग्रंथालयात? वाचता काय, बोटांनी?"

काका दचकले. पण उठले नाहीत. तसेच माझ्याकडे वळले आणि वरची ओळ म्हणू लागले. आधीच बेताचा आवाज, त्यात काकूंसमोर.

काकू पिशवी धरून ऐकत राहिल्या. "घाई करताय," त्या म्हणाल्या. "घड्याळजी ना तुम्ही?"

काकांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. ताई डाव्या हातानं खालची ओळ वाजवत होत्या. ती मुकी पट्टी आली. ताईंनी "टूं" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. तो सूर आधीच लागला होता. जरा खरखरीत, जाडा, नेमका. काकूंचा.

शिकवणी अजून चालू आहे. काकांची वरची ओळ सुधारत नाही, असं काकू म्हणतात आणि दर गुरुवारी खात्री करायला येतात.

आता माझी काळजी सांगतो. दुरुस्तीची विनंती शेवटी खाली आली आहे, मंजूर होऊन. कारागीर पुढच्या आठवड्यात येणार आहे. त्याला कुणी माझा एवढा निरोप द्याल का? तारा ताणा, धूळ काढा, पाय घट्ट करा. फक्त ती मधली पट्टी आहे तशीच असू द्या. तिथे आलं की कुणाला तरी गावं लागतं.